पप हूड: निओप्रीन, चामडं आणि चार पायांचं गणित

किंकच्या, म्हणजे चाकोरीबाहेरच्या लैंगिक आवडीनिवडींच्या, जगात प्राण्याचं सोंग घेण्यासाठी जे सामान मिळतं, त्यात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो कुत्र्याच्या तोंडाचा मुखवटा, म्हणजे पप हूड. दोन उभे कान, पुढे आलेलं नाकाड, मागे झिप किंवा नाडी. तो पारखण्याची नेहमीची पद्धत मात्र चुकीची आहे. लोक उभं राहून घालतात, आरशात बघतात, फोटो काढतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. मग तोच हूड घालून हातागुडघ्यांवर उतरलं की दहा मिनिटांत डोळ्यांपुढे निओप्रीनची, म्हणजे रबरी फेसाच्या कापडाची, कड येते, मानेला रग लागते आणि सोंग वठायच्या आधीच मुखवटा काढावा लागतो. म्हणून या परीक्षणात एकच निकष लावला आहे: चार पायांवर तो कसा वागतो?

आधी दोन गोष्टी स्पष्ट. हा खेळ सज्ञान माणसांचा, एकमेकांच्या संमतीचा आहे आणि त्यात खऱ्या प्राण्याचा कुठेही संबंध नसतो. फरी मंडळी वेगळी. ती माणसासारख्या वागणाऱ्या प्राण्याचं स्वतः रचलेलं एखादं पात्र उभं करतात, काही जण त्यासाठी अंगभर पोशाखही घालतात, त्यांचं मूळ विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनांत आहे आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा किंकशी संबंध असतोच असं नाही. पप खेळणाऱ्याला कथानक लागत नाही. बोलणं थांबवून काही वेळ कुत्र्याच्या डोक्यानं जगायचं, चेंडूमागे पळायचं, कुणाच्या पायाशी मुटकुळं करून पडायचं, एवढंच. त्या अवस्थेला पप-स्पेस म्हणतात. सोबत असणारा, लक्ष ठेवणारा तो हँडलर. टोळीला पॅक म्हणतात आणि हँडलर नसलेल्या पपला स्ट्रे.

सोंग जुनं आहे, मुखवटा नवा. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल गुडघ्यांवर रांगतोय आणि फिलिस नावाची स्त्री त्याच्या पाठीवर बसून लगाम ओढतेय, ही कथा युरोपात १३व्या शतकापासून फिरते आहे. ती घडलेली नव्हे, रचलेली. पण हस्तिदंती पेट्यांवर, पाण्याच्या पितळी सुरयांवर तिची चित्रं सापडतात आणि १५१३ साली हान्स बाल्डुंग या जर्मन चित्रकारानं तिचा लाकूडठसा केला. १६८२ मध्ये टॉमस ऑटवेच्या एका इंग्रजी नाटकात तर म्हातारा सिनेटर आपल्या प्रेयसीसमोर आधी बैल होतो, मग कुत्रा होऊन टेबलाखालून भुंकतो, पाय चावतो आणि चाबूक खातो. प्रेक्षकांनी हसावं म्हणून लिहिलेला प्रसंग आहे, पण लिहिणाऱ्याला हा प्रकार ठाऊक होता हे उघड आहे. २०व्या शतकात १९४६ ते १९५९ या काळात जॉन विली हे टोपणनाव घेतलेल्या चित्रकारानं सुरू केलेल्या एका मासिकानं खोगीर-लगामातल्या पोनी-स्त्रियांची चित्रं घराघरात नाही तरी कपाटाकपाटात पोचवली.

कुत्र्याच्या सोंगाची आजची वाट मात्र समलिंगी पुरुषांच्या लेदर क्लबांतून, म्हणजे चामडी पोशाखाची आवड असणाऱ्यांच्या मंडळांतून, आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारसायकल क्लब निघाले, १९५४ चा लॉस एंजेलिसचा सॅटर्स हा त्यांतला एक. त्या कडक शिस्तीच्या वातावरणात ‘कुत्रा होणं’ हे बहुधा खालच्या पायरीवर उभं करणं असे, मान खाली घालायला लावणं असे. हूडही तसेच: जाड काळं चामडं, मागे घट्ट नाड्या, डोळ्यांवर झापडं, तोंडाला मुसकं. आतल्या माणसाला बंद करण्यासाठी शिवलेले. शिकागोला १९९१ मध्ये स्थापन झालेलं लेदर अर्काइव्हज अँड म्युझियम या सगळ्या लेदर संस्कृतीचा ठेवा जपतं. आजचा पप हूड याच्या उलट कामाला जुंपलेला आहे. तोंड मोकळं, डोळे मोकळे, रंग भडक, कान हलते. लियाम विग्नल आणि मार्क मॅकॉर्मॅक यांनी ३० पप मंडळींच्या मुलाखती घेऊन केलेला अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यात लैंगिक उत्तेजनाइतकंच खेळकरपणा, मन हलकं होणं आणि टोळीत मिसळणं यांवर बोलणारे लोक भेटतात. हूडच्या शिवणीत हा बदल दिसतो. जुनं चामडी डोकं घालून चेंडू तोंडात धरून दाखवा म्हटलं तर जमणार नाही.

आता वस्तूकडे. निओप्रीन हा क्लोरोप्रीनपासून बनलेला कृत्रिम रबर, ड्युपाँच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये तयार झालेला. त्याचा फेस करून, दोन्ही अंगांना नायलॉनचं विणलेलं कापड चिकटवलं की पाणबुड्यांच्या सूटचं कापड होतं. ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं १९५२ च्या सुमारास या फेसाचे सूट करून पाहिले. फेसातले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे ते उष्णता धरून ठेवतात. थंड पाण्यात हा गुण, डोक्यावर हाच दोष. बाकी बाबतीत हूडसाठी हे कापड उत्तम: ताणतं, परत येतं, आकार धरतं, धुता येतं आणि चामड्याच्या मानानं हलकं असतं.

जाडी ३ मिलिमीटर असावी. ५ मिलिमीटरचे हूड हातात घेतल्यावर दणकट वाटतात, कानही ताठ राहतात, पण जबडा उघडताना गालावर जोर लागतो आणि घाम दुप्पट वाटतो. फक्त कान आणि नाकाड जाड, बाकी पातळ, अशी मिश्र शिवण मिळाली तर तीच घ्या. शिवण आतून हात फिरवून बघा. कापडाच्या कडा आधी चिकटवून मग सपाट झिगझॅग टाक्यानं जोडलेल्या असतील तर टोचत नाहीत. कडा एकमेकींवर चढवून शिवल्या असतील तर कपाळावर आणि कानामागे वीस मिनिटांत लाल रेघ उठते.

माप तीन ठिकाणी घ्यायचं. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर, टाळूवरून हनुवटीखालून पूर्ण फेरा आणि मानेचा घेर. बहुतेक तक्ते फक्त पहिलं माप विचारतात आणि गडबड तिथेच होते, कारण हूड बसतो की नाही हे दुसरं माप ठरवतं. दाट केस असतील तर केस दाबून नव्हे, सहज राहू देऊन मोजा. लांब केसवाल्यांनी झिपची आतली पट्टी आहे ना ते पाहावं. चष्मा यात बसत नाही, तो हिशेब आधीच करून ठेवलेला बरा.

आता खरी परीक्षा. हूड घालून हातागुडघ्यांवर या आणि समोरच्या भिंतीवर उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीचा एखादा ठिपका बघा. मान मागे वळते. पुढे गळ्याची कातडी ताणली जाते, हनुवटीखालची पट्टी हूडला खाली ओढते आणि डोळ्यांची भोकं गालांकडे सरकतात. मागे मानेवर कापडाच्या घड्या पडतात, त्या खांद्यांच्या स्नायूंवर टेकतात आणि हूड आणखी फिरतो. परिणाम असा की भोकाची वरची कड नेमकी नजरेच्या आडवी येते, आणि चार पायांवर असताना वरच बघायचं असतं, हँडलर वर उभा असतो. मग पप मान आणखी मागे टाकतो, हूड आणखी सरकतो. मान दुखते ती यानं. उपाय शिवणाऱ्याच्या हातात असतो: भोकं रुंदीपेक्षा उंचीला जास्त कापलेली, मागची किनार आखूड आणि मधोमध खाच. ज्या हूडची मागची बाजू मानेच्या मणक्यावरून खाली खांद्यापर्यंत येते तो दिसायला रुबाबदार असतो, पण रांगायला निकामी.

त्याच स्थितीत पुढच्या गोष्टी करून बघा. डोकं दहा वेळा जोरात झटका. तीनदा भुंका. जबडा पूर्ण उघडा. डावीकडे-उजवीकडे खांद्यावरून मागे बघा. यातल्या कशानंही हूड बोटभरापेक्षा जास्त फिरला तर माप मोठं आहे. आणि शेवटी एका हातानं हूड काढा. दहा सेकंदांत निघाला पाहिजे. झिप अडकते, नाडीची गाठ बसते, कुलूप लावायच्या पट्ट्याची किल्ली दुसऱ्या खोलीत असते. हे सगळं शांत वेळी कळलेलं बरं. नाडीचे हूड चेहऱ्यावर सुरेख बसतात, तरी पहिल्या हूडला झिपच हवी.

नाकाड सुटं होणारं असावं, चार टिचबटणांवर. वेल्क्रो नको, दाढी धरतं आणि ओलं झालं की सुटतं. नाकपुड्यांसमोर आतून मोकळी जागा हवी. स्वस्त हूडांत नाकाडाच्या टोकाला फक्त रंगवलेलं नाक असतं आणि आत निओप्रीनचा पडदा. घाम नि वाफेनं तो भिजतो, माणूस आपलीच सोडलेली हवा परत ओढत राहतो, डोकं जड होतं आणि त्यालाच कुणी पप-स्पेस समजतं. सर्दी असेल तर नाकाड काढूनच खेळा. पाण्याच्या भांड्यातून पिण्याची हौस असेल तरीही ते काढावंच लागतं, म्हणून ते न काढता येणारं मॉडेल घेऊच नये.

उष्णतेबद्दल तडजोड नाही. दर वीस ते तीस मिनिटांनी हूड उतरवायचा, पाणी प्यायचं, मान पुसायची. चक्कर, मळमळ, डोकेदुखी यांपैकी काहीही जाणवलं तर खेळ तिथेच थांबतो. मुखवट्याआड चेहऱ्याचा रंग दिसत नाही, हे हँडलरनं विसरता कामा नये. एरवी माणूस पांढराफटक पडला की लगेच कळतं. इथे कळत नाही, म्हणून विचारावं लागतं. आणि पप बोलत नसल्यानं थांबण्याची खूण आधी ठरवावी लागते: सलग तीन भुंकणी, किंवा जमिनीवर दोन थापा, किंवा हातातला चेंडू सोडणं. मुठीचे हातमोजे घातले असतील तर चेंडूची खूण बाद होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात खेळ सुरू झाल्यावर येतं.

कपाळावर किंवा गालावर हूडच्या आकाराची खाज एक-दोन दिवसांनी उठली तर तो घामोळ्यांचा प्रकार असेलच असं नाही. निओप्रीन तयार करताना वापरलेल्या थायोयुरिया जातीच्या रसायनांची काहींना ॲलर्जी असते आणि ती अशीच उशिरा दिसते. आतून पातळ सुती टोपी घालून थोडा फरक पडतो, पण तुमची कातडी तसली असेल तर कापडच बदला. चामड्याकडे वळताना मात्र क्रोमनं कमावलेल्या चामड्याचीही ॲलर्जी असू शकते हे लक्षात ठेवून वनस्पतींनी कमावलेलं मागा.

चामडी हूड वाईट नाही. तो हळूहळू चेहऱ्याचा होतो, त्याला वास असतो, वजन असतं, आणि ज्यांना जुन्या लेदर परंपरेशी नातं सांगायचं आहे त्यांना निओप्रीन प्लास्टिकचं खेळणं वाटतं. पण तो नीट धुता येत नाही. घामातलं मीठ शोषतो, कडक होतो. सॅडल सोपनं, म्हणजे चामड्याच्या साबणानं, पुसायचा, सावलीत वाळवायचा, मग कंडिशनर लावायचा. एकाचा हूड दुसऱ्यानं वापरू नये हा नियम इथे जास्तच पाळावा लागतो. लॅटेक्सच्या, म्हणजे पातळ रबराच्या, हूडबद्दल फार बोलायला नको: तेलाच्या एका बोटानं खराब होतो, ओढताना नखानं फाटतो आणि पळण्याच्या खेळाला चालत नाही.

निओप्रीन धुणं सोपं आहे, तरी लोक बिघडवतात. बादलीत कोमट, ३० अंशांच्या आतबाहेरचं पाणी, चमचाभर सौम्य द्रव साबण. हूड उलटा करून दहा मिनिटं बुडवायचा, आतून हातानं चोळायचा, फेस जाईपर्यंत खळबळायचा. पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचा. आधी आतली बाजू बाहेर ठेवून सावलीत वाळवायचा, मग सुलटा करून. पूर्ण वाळायला दिवसभर तरी लागतो आणि अर्धवट ओला हूड डब्यात ठेवला की जो वास धरतो तो पुढे जात नाही. ब्लीचनं रबर मरतं, ड्रायरनं चिकटवलेले थर सुटतात, उन्हात काळ्याचा तपकिरी होतो. टिचबटणं कापडानं कोरडी करा, नाहीतर गंजाचे डाग कायमचे. घडी घालून ठेवू नका. कानाला एकदा मोड बसली की तो कान कायमचा पडतो. आत कागदाचा बोळा भरून ठेवला तर काम भागतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तेव्हा हातात मोजकेच पैसे असतील तर हूडच्या आधी गुडघ्यांचे पॅड घ्या. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. पण सतत गुडघ्यांवर भार पडला की वाटीच्या पुढची पिशवी सुजते, त्याला वैद्यकात प्रीपॅटेलर बर्सायटिस म्हणतात, आणि ती सूज आठवडेच्या आठवडे राहू शकते. फरशी बसवणाऱ्यांचे कडक प्लास्टिकच्या टोपीचे पॅड घसरतात आणि खडखडतात. दोन सेंटिमीटर जाडीच्या फोमचे, मोज्यासारखे ओढून घालायचे पॅड चांगले. पट्ट्याचे असतील तर खालचा पट्टा सैल ठेवा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्याला वळसा घालून एक नस जाते. पट्टा तिथे आवळला की पाऊल मुंग्यांनी भरतं. खाली व्यायामशाळेतली फोमची चटई टाकली तर पॅड आणि चटई मिळून बराच काळ निभावतो.

हातमोजे दोन प्रकारचे. पंजा उघडा ठेवणारे आणि मूठ बंद करणारे. उघड्या पंजावर रांगताना मनगट काटकोनात मागे वाकतं आणि त्यातून जाणारी नस दबते. मुठीच्या मोज्यात मनगट सरळ राहतं, भार बोटांच्या पेरांवर येतो, म्हणून पेरांखाली भरपूर गादी असलेलेच घ्यावेत. त्यांची अडचण निराळी: घातलेल्याला स्वतःचा एकही बकल उघडता येत नाही. हँडलर खोलीतून बाहेर गेला की खेळ संपला, असंच धरून चालायचं. पंधरा मिनिटांनी मोजे काढून बोटं उघडझाप करायला द्या.

गळपट्टा म्हणजे ओळख, दावं बांधायची जागा नव्हे. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं गेली पाहिजेत आणि साखळी छातीच्या हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची. मानेवरचा ताण दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबू शकतो आणि शुद्ध हरपायला काही सेकंद पुरतात. हूडला गळपट्टा शिवूनच येत असेल तर त्याच्या कडीला काहीही अडकवू नका, ती शोभेची समजा. शेपटी कमरेच्या पट्ट्यावर बसणारी घ्या, ती धावताना हलते आणि त्यातच तिची मजा आहे.

पोनीच्या, म्हणजे घोड्याचं सोंग घेणाऱ्याच्या, सामानाचं गणित थोडं वेगळं, कारण पोनी बहुधा दोन पायांवरच चालतो. तोंडातली लगामाची कांडी रबराची किंवा सिलिकॉनची हवी. धातूनं दातांचे टवके उडतात. लगामाचे दोर कांडीला न बांधता डोक्याच्या साजाच्या गालावरल्या कड्यांना बांधा, म्हणजे ओढ जबड्याच्या सांध्यावर येत नाही. लाळ गळणारच, रुमाल जवळ ठेवा. झापडं घातलेल्या पोनीला बाजूचं दिसत नाही, तेव्हा जमीन आधी चालून पाहण्याचं काम चालवणाऱ्याचं. दोन चाकी गाडी ओढायची असेल तर ओढ छाती आणि कंबर यांच्यावर वाटली जावी, मानेवर काही नको. माणूस बसल्यावर गाडीचे दांडे एका बोटानं उचलता आले पाहिजेत. जड वाटले तर बैठक चाकांच्या पुढे आहे, ती मागे घ्या. उतारावर गाडी पोनीला ढकलते, म्हणून ब्रेक नसलेली गाडी सपाटीवरच. पाठीवर बसणं मात्र चित्रातच राहू द्या. बाल्डुंगच्या ठशात फिलिस आरामात बसली आहे, पण तिचं सगळं वजन म्हाताऱ्याच्या कंबरेच्या मणक्यांवर, मनगटांवर आणि उघड्या गुडघ्यांवर आहे.

हूडकडे परत येऊन खरेदीपुरतं सांगायचं तर ३ मिलिमीटरचा, झिपचा, आखूड मानेचा, सुट्या नाकाडाचा निओप्रीन हूड नव्या माणसासाठी सगळ्यात बिनधोक. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिस्टर एस लेदरसारखी १९७९ पासूनची जुनी दुकानंही आता चामड्याच्या शेजारी निओप्रीन ठेवतात, तेव्हा लेदरवाल्यांपुढे लाजायचं कारण उरलेलं नाही. रंग कुठलाही घ्या, फक्त आतलं अस्तर काळं असू द्या. पांढऱ्या अस्तरावरचे घामाचे पट्टे दुसऱ्या धुण्यानंतर निघत नाहीत. आणि विकणाऱ्याकडून टिचबटणांची एक जादा जोडी मागून घ्या. हूडमध्ये सगळ्यात आधी तुटतात ती तीच, बहुधा नाकाडाच्या डाव्या-उजव्या खालच्या टोकाची, कारण घाईत सगळे तिथूनच धरून ओढतात.